गोलरक्षक पडतो कसा



पावसाळा सुरू झाला की आमच्या तुळिंजमध्ये माझ्या दवाखान्यातील गर्दीचे रूप पालटते. ताप, खोकला, जुलाब हे तर असतातच. परंतु त्यांच्या जोडीला मनगट सुजलेले, कोपर खरचटलेले, कपाळावर टेंगूळ आलेले ज्येष्ठ नागरिक दिसू लागतात. रस्त्यावर साचलेल्या पाण्यात पडलेले त्यांत थोडेच. बहुतेक जण घरातच पडलेले असतात: ओल्या लादीवर, सरकलेल्या पायपुसण्यावर, किंवा रात्री लघवीला उठताना अंधारात. "कसे पडलात?" या माझ्या प्रश्नाला ठरलेले उत्तर मिळते, "कळलेच नाही, डॉक्टर."

गेल्या वर्षी मात्र एका काकांनी वेगळे उत्तर दिले. वय एकोणऐंशी, मूळचे पेडण्याकडचे, उमेदीचा सारा काळ मुंबईतील नोकरीत गेलेला आणि निवृत्तीनंतर मुलाकडे इथे स्थायिक झालेले. पहाटे तीनच्या सुमारास पलंगावरून उठले आणि दोन पावलांवर कोसळले. सूनबाई त्यांना रिक्षाने घेऊन आल्या, तेव्हा त्यांचाच चेहरा रुग्णासारखा झाला होता. काका मात्र शांतपणे म्हणाले, "उजव्या कुशीवर पडलो. हात टेकला नाही. हनुवटी छातीशी घेतली होती." माझे लिहिणे थांबले. ते हसून म्हणाले, "गोली होतो ना मी! ऑफिसच्या टीमचा. कूपरेजवर खेळलोय."

खांद्याला व मांडीला मुका मार होता. हाड शाबूत होते. त्या दिवशी त्यांच्याशी आणि पुढे कित्येक भेटींत आमचे बोलणे झाले, ते औषधांपेक्षा फुटबॉलविषयीच अधिक. मला त्या खेळातले फारसे कळत नव्हते. परंतु गोलरक्षकाच्या आयुष्याविषयी ऐकता ऐकता आणि मग स्वतः वाचता वाचता असे जाणवले, की पडणे, वाट पाहणे आणि बोल लावून घेणे या तीन गोष्टी ज्यांना रोज कराव्या लागतात, त्यांच्याकडून आपल्या वाचकांनी घेण्यासारखे बरेच आहे. वृद्धांनी घेण्यासारखे आहेच, त्यांना सांभाळणाऱ्यांनी घेण्यासारखे त्याहून जास्त.

काकांचे दैवत होते ब्रह्मानंद शंखवाळकर. त्यांच्यापेक्षा वयाने लहान, तरीही दैवत. गोव्यात फुटबॉल आणला तो फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी, १८८३ साली शिवोलीला, आणि पुढे भात कापून झालेल्या शेतांत तो गावोगाव रुजला. त्या मातीत १९५४ साली जन्मलेल्या ब्रह्मानंदांनी साळगावकर क्लबचा गोल वर्षानुवर्षे राखला. १९८३ मध्ये संतोष करंडकाची अंतिम लढत गोवा आणि बंगाल यांच्यात झाली. ती गोलशून्य राहिली आणि दोघांना संयुक्त विजेते घोषित करण्यात आले. पुढच्याच वर्षी मद्रासमध्ये गोव्याने पंजाबला १-० असे हरवून करंडक एकट्याने जिंकला. त्या स्पर्धेत गोव्यावर एकही गोल झाला नाही. १९८३ ते १९८६ ते भारतीय संघाचे कर्णधार होते. अर्जुन पुरस्कार मात्र मिळाला १९९७ मध्ये, आणि पद्मश्री २०२२ मध्ये, वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर. गोल मारणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते, गोल अडविणाऱ्याला वाट पाहावी लागते, असे काका यावर म्हणत. आज क्लबांशी करार करून, केवळ खेळावर पोट भरता येते. त्या काळी बहुतेक खेळाडूंना कंपनीतील वा बँकेतील नोकरी आणि मैदान अशी दुहेरी कसरत करावी लागे. काकाही सकाळी सराव करून दहाला कचेरीत हजर असत.

आता त्या पडण्याविषयी.

गोलरक्षकाला पडणे शिकविताना आधी बसवून शिकवितात, मग गुडघ्यांवर, मग ओणवे उभे करून आणि अखेरीस पूर्ण उभे राहून. शरीर एकदम आपटू द्यायचे नाही. पोटरीची बाहेरची बाजू, मांडी, कूस, खांदा असे क्रमाने जमिनीला लागू द्यायचे, म्हणजे आघात एका बिंदूवर न येता पसरतो. कोपर खाली येऊ द्यायचे नाही. हात चेंडूकडे असतात, त्यामुळे ते टेकविण्याचा प्रश्नच येत नाही. आपण सामान्य माणसे तोल गेला की हाताचा पंजा पुढे करतो, सारे वजन त्यावर येते आणि मनगटाजवळचे हाड मोडते. पन्नाशी-साठीच्या स्त्रियांत हा अस्थिभंग आम्ही वारंवार पाहतो.

हे वाचून कोणी आजोबा घरात गादी अंथरून कुशीवर पडण्याचा सराव करणार असतील, तर त्यांनी कृपया थांबावे. पंचविशीच्या खेळाडूच्या कुशीला जाड स्नायूंचे अस्तर असते व हाडे भरीव असतात. ऐंशीच्या घरात स्नायू झडलेले असतात, हाडे पोकळलेली असतात आणि नेमके कुशीवर पडल्यानेच खुब्याचे हाड मोडते. काका वाचले त्यात जुन्या सवयीचा वाटा असेल. पण पलंग बुटका होता आणि खाली सतरंजी होती, हेही खरे. नशिबाला तंत्राचे श्रेय देऊ नये, असे मी त्यांना म्हणालो. ते त्यांना फारसे पटले नाही.

मग खेळाडूकडून घ्यायचे काय? तर त्याची जागा. काकांनी मला कागदावर आकृती काढून दाखविले. गोलाची रुंदी ७.३२ मीटर, उंची २.४४ मीटर. एवढी जागा एका माणसाने झेप घेऊन राखणे अशक्य. म्हणून गोलरक्षक चेंडू आणि गोल यांच्यामधली ती नेमकी जागा शोधत सतत सरकत असतो. पुढे आला तर कोन लहान होतो, मागे राहिला तर मोठा. चांगल्या गोलरक्षकाला झेप कमी घ्यावी लागते. चेंडू सरळ हातात येतो आणि प्रेक्षकांना वाटते, काय सोपा होता! याच कारणाने हे खेळाडू इतरांपेक्षा उशिरापर्यंत टिकतात. वयाबरोबर हालचाल मंदावते, पण जागेचे ज्ञान वाढत जाते. इटलीच्या दिनो झोफ यांनी १९८२ चा विश्वचषक कर्णधार म्हणून उचलला तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते. इजिप्तचे एसाम एल हदारी २०१८ च्या विश्वचषकात सौदी अरेबियाविरुद्ध उतरले तेव्हा त्यांचे वय पंचेचाळीस होते आणि त्यांनी त्या सामन्यात एक पेनल्टीही अडविली. सामना इजिप्तने गमावला, ती गोष्ट वेगळी.

आपल्या घरातील 'जागा' म्हणजे पलंगापासून शौचालयापर्यंतची वाट. बहुसंख्य वृद्ध याच दहा-बारा पावलांत पडतात. त्या वाटेवर रात्रभर झिरोचा दिवा जळता ठेवावा. सैल पायपुसणे, टीपॉय, विजेची वायर तेथून हलवावी. कमोडच्या बाजूस भिंतीत आधाराची दांडी बसवून घ्यावी. टॉवेल अडकविण्याच्या दांडीला धरून उठू नये, ती वजन पेलत नाही. पलंगाची उंची अशी असावी, की कडेला बसल्यावर दोन्ही पावले जमिनीवर पूर्ण टेकतील. चष्मा व पाण्याचा तांब्या हाताशी हवा. जिना उतरताना दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून पायरी अस्पष्ट दिसते, म्हणून मान खाली घालून वरच्या भिंगातून पाहावे आणि कठडा सोडू नये. आमच्याकडील जुन्या इमारतींतून उद्वाहन नसते व जिन्यातील दिवा महिनोन्महिने गेलेला असतो. तो सोसायटीकडून बदलून घेणे हा माझ्या मते वैद्यकीय उपचारच आहे.

गोलरक्षक रोज पायांचाही व्यायाम करतो, तोही आपल्या परीने करता येतो. हाताची न हलणारी खुर्ची घ्यावी, ती भिंतीला टेकवावी आणि हातांचा आधार शक्य तितका कमी घेत बसणे-उठणे करावे. सुरुवातीस पाच वेळा, पुढे दहा वेळा. स्वयंपाकघराचा ओटा धरून एका पायावर दहा अंक मोजेपर्यंत उभे राहावे, मग दुसऱ्या पायावर. शेजारी कोणीतरी असावे. गुडघ्याचे वा हृदयाचे दुखणे असेल तर आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे.

एवढे करूनही माणूस पडतो. गोलही होतो. तेव्हा काय करावे, यासंबंधी मला एका संशोधनाची फार मदत झाली. इस्रायलमधील संशोधकांनी २००७ मध्ये २८६ पेनल्टी फटक्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पेनल्टीत चेंडू अकरा मीटरवरून येतो आणि अर्ध्या सेकंदाच्या आसपास गोलात पोहोचतो. गोलरक्षक बहुधा फटका बसण्याच्या क्षणीच डावीकडे किंवा उजवीकडे झेप घेऊन मोकळा होतो. अभ्यासात आढळले की जागीच उभे राहिलेले गोलरक्षक शंभरात सुमारे सहाच होते. परंतु मध्ये थांबणाऱ्यांनी एकतृतीयांश फटके अडविले, तर झेप घेणाऱ्यांना सातातला एकच काय तो अडविता आला. मग ते थांबत का नाहीत? झेप घेऊनही गोल झाला तर लोक म्हणतात, प्रयत्न तरी केला. उभे राहून गोल झाला तर म्हणतात, खांबासारखा उभा होता!

घरात म्हातारे माणूस पडल्याबरोबर आपण सारे हीच झेप घेतो. दोघे जण धावतात, काखेत हात घालतात आणि झटक्यात उचलतात. खुब्याचे हाड चिरले असेल तर या ओढाताणीत ते सरकते. खांदा निखळू शकतो, उचलणाऱ्याची कंबर धरते. म्हणून आधी थांबावे. शेजारी जमिनीवर बसावे. त्यांना निजूनच राहू द्यावे आणि विचारावे: कोठे दुखते? डोके आपटले का? दोन्ही पाय हलवून दाखवा. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत असेल, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले असेल, कुशीत वा जांघेत तीव्र वेदना असेल, तर उचलू नये. पांघरूण घालावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. डोक्याला मार लागला आहे आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, अशा व्यक्तीला ती ठणठणीत दिसत असली तरी रुग्णालयात न्यावे. उलटी, गुंगी, बोलण्यात असंबद्धता असेल तर गोळी चालू नसली तरीही न्यावे. डोक्यातील रक्तस्राव कधी कधी अतिशय संथ असतो. पडल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी डोके दुखू लागले, चाल अडखळू लागली वा विसरभोळेपणा अचानक वाढला, तर ते वयावर ढकलू नये.

यांपैकी काहीच नसेल, तर त्यांनाच उठू द्यावे. प्रथम कुशीवर वळावे, मग हात व गुडघे टेकून रांगत्या स्थितीत यावे. आपण एक भक्कम खुर्ची आणून समोर ठेवावी. त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर ठेवावेत, बळकट पायाचे पाऊल पुढे टेकावे आणि उठून खुर्चीवर बसावे. आपले काम खुर्ची धरण्याचे. बसल्यावर दहा मिनिटे तसेच राहू द्यावे. रक्तदाब पाहावा, मधुमेही असतील तर साखर तपासावी. या साऱ्याला वेळ लागतो आणि तो वेळ पाहणाऱ्याला फार जड जातो, हे मला ठाऊक आहे.

त्या पहाटे सूनबाईंनी काकांना एकट्याने ओढून पलंगावर घेतले होते. हे सांगताना त्या रडू लागल्या. नणंदेने फोनवर विचारले होते, "वहिनी, तुम्ही होतात कुठे?" पहाटे तीन वाजता माणूस झोपलेले असते, याशिवाय त्याला काय उत्तर असणार? वर्षभर वेळेवर दिलेल्या गोळ्या, वाळत घातलेल्या चादरी, धरून नेलेले शौचास जाणे यांतले काहीच कोणी मोजले नव्हते. काका मध्येच म्हणाले, "गोल झाला की सगळे गोलीकडेच बघतात. चेंडू आधी दहा जणांना चुकवून आलेला असतो."

त्या दहा जणांत मीही होतो, वाचकहो. दहाच दिवसांपूर्वी काकांना प्रोस्टेटच्या त्रासासाठी मी एक नवी गोळी सुरू केली होती. रक्तदाबाची गोळी आधीचीच चालू होती. या दोहोंच्या संयोगाने उठून उभे राहताना रक्तदाब खाली येऊ शकतो, हे विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. पण संध्याकाळच्या गर्दीत मी त्यांचा रक्तदाब बसवूनच मोजला होता. त्या सकाळी प्रथमच निजवून व मग उभे करून मोजला. निजलेले असताना १४२/८०, उभे राहून एका मिनिटानंतर ११२/६८. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा वीस किंवा खालचा दहा अंकांनी उतरला तर तो धोक्याचा इशारा मानतात. इथे वरचा तब्बल तीसने उतरला होता. मी सूनबाईंना तेव्हाच सांगितले की ही चूक तुमची नाही, माझी आहे. आणि नणंदबाईंना फोन लावून तेच सांगितले. गोळ्या आणि त्यांच्या वेळा बदलल्या. काकांना पलंगाच्या कडेला दोन मिनिटे पाय हलवीत बसून मगच उठण्याची सवय लावायला सांगितले. तुमच्या घरातील कोणी रक्तदाबाची, प्रोस्टेटची, झोपेची वा नैराश्याची औषधे घेत असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना उभे करून रक्तदाब मोजण्याची विनंती अवश्य करा. औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

सूनबाईंना मी आणखी एक गोष्ट सांगितली, तीही फुटबॉलमधलीच. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक मिळविले. भारताचे प्रमुख गोलरक्षक पीटर थंगराज त्या स्पर्धेत तापाने आजारी पडले, तेव्हा गोल राखला प्रद्युत बर्मन यांनी; अंतिम सामन्याला थंगराज परतले. संघात गोलरक्षक एकच खेळतो, तरी दुसरा तयार ठेवावा लागतो. घरात म्हातारे माणूस असेल तर तेथेही दुसरा गोली हवा. आठवड्यातून एक रात्र मुलाने बापाच्या खोलीत निजावे, नणंदेने महिन्यातून चार दिवस येऊन राहावे, जमत असेल तर रात्रपाळीची बाई ठेवावी. मुलगा विरार लोकलने रोज चर्चगेटपर्यंत जाऊन येतो, त्याची दमणूक मी जाणतो. तरीही हे त्याच्यासमोर बोललो. तो काही न बोलता ऐकत होता. पुढच्या शनिवारपासून तो वडिलांच्या खोलीत निजू लागला आहे.

राहता राहिली काठी. काका ती घ्यायला तयार नाहीत. "लोक काय म्हणतील? कूपरेजवर सूर मारणारा माणूस काठी घेऊन हिंडतो!" मी त्यांना पेत्र चेकचे उदाहरण दिले. चेल्सीच्या या गोलरक्षकाची कवटी ऑक्टोबर २००६ मध्ये एका टकरीत फ्रॅक्चर झाली. सुमारे तीन महिन्यांनी तो मैदानावर परतला तो डोक्यावर काळे संरक्षक शिरस्त्राण घालून, आणि २०१९ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते घालूनच खेळला. जगभरातील कोट्यवधी लोकांसमोर तो ते घालीत असे, तुम्हाला तर तुळिंज नाक्यापर्यंतच जायचे आहे. काकांनी ऐकून घेतले. काठीची उंची कशी ठरवितात तेही विचारले: चपला घालून ताठ उभे राहावे, हात सैल सोडावेत, मनगटाच्या घडीजवळ मूठ आली पाहिजे, खालचे रबर झिजले की बदलावे, आणि दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी.

मुलाने काठी आणली आहे. काका दर महिन्याला येतात, उभे राहून रक्तदाब मोजून घेतात आणि आकडा स्वतः वहीत लिहितात. काठी मात्र अजून दाराआडच असते, असे सूनबाईंनी परवा हळूच सांगितले. रात्री शौचाला जाताना तेवढी घेतात, कारण तेव्हा बघायला कोणी नसते.